बंद मंडळीचे तेवीस बाप्तिस्मे

करंजपाड्याच्या मंडळीचा इतिहास लिहायचं काम मालनकडे आलं ते तिचं अक्षर चांगलं म्हणून. तिला इतिहासातलं काही कळतं का, हे कुणी विचारलं नाही. कल्याणच्या शाळेत तिसरीचा वर्ग, वय पंचेचाळीस, लग्न केलेलं नाही, म्हणजे बाईकडे वेळच वेळ असणार, असं कमिटीने परस्पर ठरवून टाकलं.

करंजपाडा हे कल्याणहून मुरबाडकडे जाताना आत वळलं की लागणारं गाव. कुणबी आणि ठाकरांच्या वस्तीत बारा घरं ख्रिस्ती, त्या बारा घरांची मिळून ही मंडळी, आणि तिचं एक कौलारू प्रोटेस्टंट देऊळ. बारातली आता पाचच उरली होती. बाकीची नोकरीच्या मागे डोंबिवली, दिवा, कोपरी अशी पांगली. पण गाव सोडलेल्या माणसाला गावच्या देवळाचं प्रेम जरा जास्तच येतं. १९८८च्या डिसेंबरात देवळाला शंभर वर्षं होणार म्हटल्यावर डोंबिवलीत अण्णाच्या ब्लॉकमध्ये दर आठवड्याला बैठका भरायला लागल्या. अण्णा मंडळीचा सेक्रेटरी. टेलिफोन खात्यात नोकरी, मनाने चांगला, फक्त दोन माणसांची जुंपली की ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूला सरकणारा.

पहिल्याच महिन्यात मालनला सात ‘पहिले ख्रिस्ती’ मिळाले. ज्याला विचारावं त्याचेच आजोबा सगळ्यांच्या आधी ख्रिस्ती झालेले. धोंडीबा, मंडळीतले सगळ्यात ज्येष्ठ पंच, ते तर आजोबांचा फेट्यातला फोटोच घेऊन आले.

“मालन, हा पहिल्या पानावर,” ते म्हणाले. “मिशनरीसाहेब दुसऱ्या पानावर गेले तरी चालतील.”

तरी तिने चिकाटीने लिहिलं. मिशनची शाळा कशी निघाली, शाळेच्याच खोलीत रविवारची उपासना कशी व्हायची, देवळाची घंटा कल्याणच्या बंदरात मोडीत निघालेल्या बोटीवरून कशी आणली. चाळीस पानं झाली. ती सगळ्या मंडळ्यांच्या मुख्य कचेरीकडे मंजुरीला गेली आणि दीड महिन्याने चार ओळींचं उत्तर आलं. आमच्या दप्तराप्रमाणे करंजपाडा मंडळी १९४२ ते १९५३ बंद होती व १९५३ साली नव्याने स्थापन झाली. तरी शताब्दी कशाची, याचा खुलासा व्हावा. तोपर्यंत अध्यक्षसाहेबांना कार्यक्रमास येता येणार नाही.

कमिटीचे चेहरे पडले. मंडपवाला ठरला होता, पत्रिका छापायला गेल्या होत्या, आणि हे आता म्हणत होते की तुमचं देऊळ पस्तीस वर्षांचं.

भानगड अशी होती. हार्लोसाहेब हे गावातले शेवटचे मिशनरी. बेचाळीसच्या मे महिन्यात, लढाईच्या धामधुमीत, ते बोटीत बसले आणि परत आले नाहीत. पुढचा पाळक आला त्रेपन्न साली. मधली अकरा वर्षं दीक्षा घेतलेला पाळकच नाही. पाळक नाही म्हणून बाप्तिस्मा नाही, बाप्तिस्मा नाही म्हणून वर्षाच्या तक्त्यात शून्य. अशी अकरा शून्यं ओळीने आली आणि कचेरीच्या लेखी मंडळी बंद झाली. पाळक का पाठवला नाही, हा प्रश्न कचेरीने स्वतःला विचारल्याचं कुठल्याही दप्तरात नाही.

मालन गावी गेली आणि देवळातलं बाप्तिस्म्याचं जुनं रजिस्टर उघडून बसली. त्रेचाळीस ते बावन्न या बंद वर्षांत तिथे तेवीस नावं होती. प्रत्येकापुढे बाप्तिस्मा देणाऱ्याचं नाव एकच, हार्लोसाहेब. अण्णाचं नाव होतं, जानेवारी चव्वेचाळीस. तिचं स्वतःचं होतं, ऑगस्ट त्रेचाळीस. तिने पुन्हा पुन्हा वाचलं. साहेब बेचाळीसला गेले, मग त्रेचाळीसला तिच्या डोक्यावर पाणी कुणी घातलं? विलायतेहून शिंपडलं की काय?

ती कल्याणला घरी परतली तेव्हा आई तांदूळ निवडत बसली होती. रंगूबाईंचं वय ऐंशी, माहेर नगरकडचं. उभी हयात त्यांनी करंजपाड्यात बायबल बाई म्हणून काढली. घरोघर जाऊन बायांना वचन वाचून दाखवायचं, गाणी शिकवायची, जमलं तर अक्षर शिकवायचं, हे मिशनने नेमून दिलेलं काम. पाळकाचं काम बायबल बाईने करायचं नाही, हेही नेमूनच दिलेलं.

“आई, त्रेचाळीस साली हार्लोसाहेब कुठे होते?”

“त्येंच्या देशात. का गं?”

“मग माझा बाप्तिस्मा कुणी दिला?”

“म्या.” रंगूबाईंनी एक खडा वेचून बाजूला टाकला. “तुला येकटीला न्हाय, तेवीस लेकरांना. साहेब न्हाय, पाळक न्हाय, मग लेकरं तशीच ठिवायची व्हय? हिरीचं पानी तांब्यात घ्यायचं आन् साहेब म्हनायचा ते समदं म्हनायचं. पाठ व्हतं मला.”

“आणि रजिस्टरात साहेबांचं नाव कसं?”

“नवा पाळक आला तवा त्यानं इचारलं, कुनी दिला. म्हटलं, साहेबाचंच लिव्हा. न्हाईतर लेकरांची लग्नं आडली असती. तू कुनाला सांगू नको बघ.”

त्या पाळकाने तारखा न बघता लिहिलं की बघून लिहिलं, ते तोच जाणे.

मग ट्रंकेच्या तळातून शाळेचं एक जुनं हजेरीपुस्तक निघालं. त्यात रंगूबाईंनी अकरा वर्षांचा प्रत्येक रविवार लिहून ठेवला होता. पुरुष ४, बाया ९, मुलं ११. पाऊस. कौलं गळतात. पुढच्या ओळीत पुढचा रविवार. एकही सुटला नव्हता. ज्या रविवारी पहाटे मालनचा जन्म झाला त्या रविवारीही हजेरी होती, फक्त अक्षर वाकडं आलं होतं. शेवटच्या पानांवर तेवीस बाप्तिस्मे, तारखांसकट.

मालनला रडू आलं, आणि त्या चार ओळींच्या पत्राचा असा संताप आला की तिला जेवण गेलं नाही. शताब्दीचं तिला आता काही पडलेलं नव्हतं. ही वही कचेरीच्या तोंडावर मारायची आणि इतिहासाच्या मधोमध आईचं नाव छापून आणायचं, एवढंच तिने मनाशी धरलं.

कमिटीत वहीचं कौतुक झालं ते बरोबर दहा मिनिटं. अण्णाच्या बायकोने आनंदाने दुसरा चहा टाकला. तो येईपर्यंत मंडळीचा आताचा पाळक शेवटच्या पानांवर पोचला होता. पाळक तरुण होता, सेमिनरीतून नुकताच बाहेर पडलेला, नियमाला पक्का. माणूस वाईट नव्हता, आणि तीच पंचाईत होती. वाईट माणसाशी कडाकडा भांडता तरी येतं.

“मालनताई, मंडळी चालू होती हे यातून सिद्ध होतं,” तो म्हणाला. “पण हे बाप्तिस्मे ग्राह्य धरता येणार नाहीत.”

“तातडीच्या वेळी कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. तुमच्याच पुस्तकात आहे.”

“एखादा. तेवीसच्या तेवीस तातडीचे?”

“अकरा वर्षं पाळक पाठवला नाही, ही तातडी नव्हती?”

“बाईमाणसाच्या हातचं पाणी!” धोंडीबा मांडीवर थाप मारत म्हणाले. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा खुद्द साहेबाच्या हातचा. “म्हणजे आपली निम्मी कमिटीच कच्ची की!”

अण्णा वहीतल्या आपल्या नावावर बोट ठेवून बसला होता.

तोडगा पाळकानेच काढला. हजेरीची पानं कचेरीला दाखवायची. बाप्तिस्म्यांची पानं घरातच ठेवायची. तेवीसमधले चौदा जण हयात होते. शताब्दीच्या आदल्या शनिवारी सकाळी, देवळाचं दार लावून, त्या चौदाजणांचा रीतसर बाप्तिस्मा उरकायचा. आणि इतिहासात एक वाक्य घालायचं. या कठीण काळात काही विश्वासू बंधूंनी उपासना चालू ठेवली.

“बंधूंनी?” मालन म्हणाली. “हजेरीत बंधू चार. त्यातला एक ठार बहिरा.”

“मालन, समजून घे ना,” अण्णा म्हणाला. “मी पण बोललेलो पाळकसाहेबांशी. नाव टाकलं की कचेरी विचारणार, ही बाई कोण, हिने काय काय केलं. उगाच मॅटर वाढतं.”

“वाढू दे की. अण्णा, तू तीन महिन्यांचा होतास, तापाने फणफणलेला. वहीत लिहिलंय, वाचेल असं वाटत नाही. दोन दिवस तिने तुला मांडीवरून खाली ठेवला नाही.”

“मला माहितीये गं,” अण्णा म्हणाला. “आईने सांगितलेलं.” आणि पंखा लावायला उठला. डिसेंबरात.

पुढचे पंधरा दिवस मालन, परत बाप्तिस्मा घेऊ नका असं सांगत, घरोघर फिरली. कोपरीतल्या दोघांनी दारातूनच सांगितलं की कमिटी म्हणेल ते. दिव्याला शांताबाई नळाच्या रांगेत हंडा घेऊन उभी होती. “घेतला परत बाप्तिस्मा तर काय बिघडतं गं?” ती म्हणाली. “पाणीच तर आहे.” दिव्यात राहून पाण्याबद्दल असं बोलणारी ती पहिलीच असावी. मालन घरी आली ती पायांची आग आणि डोक्याची आग एकदमच घेऊन.

शनिवारी सकाळी चौदाजण देवळात जमले. रंगूबाईही आल्या. मालनने त्यांच्यापासून लपवलं होतं, पण शांताबाईने येऊन सगळं सांगितलं होतं. त्या पांढऱ्या लुगड्यात पहिल्या रांगेत, सतरंजीवर मांडी घालून बसल्या.

या विधीत पाळकाने आधी एक प्रश्न विचारायचा असतो, आणि उत्तर नाही असं आलं तरच पुढे जायचं असतं. पहिला अण्णा उभा राहिला.

“तुझा बाप्तिस्मा झाला आहे का?”

अण्णाने पाळकाकडे पाहिलं, मग रंगूबाईंकडे. बाहेर मंडपवाल्याचं खांब ठोकणं चालू होतं तेवढाच आवाज.

“न्हाई म्हन रे,” रंगूबाई म्हणाल्या. “किती येळ लावतो.”

“नाही,” अण्णा म्हणाला.

मग एकेक करत आणखी बाराजण नाही म्हणाले, आणि दर खेपेला रंगूबाईंनी बरोबर आहे अशी मान हलवली. मालन हे बघत उभी होती. कमिटीचा राग तिला येऊन येऊन संपला होता. आता आला तो आईचा. कुणी नाव पुसायला आलं की ही बाई स्वतःच ओला फडका हातात द्यायची, आणि वर बरं वाटून घ्यायची.

चौदावी ती स्वतः.

“तुझा बाप्तिस्मा झाला आहे का?”

“झालाय.”

पाळकाने पुस्तकातून डोकं वर काढलं. “ताई, इथे नाही म्हणायचं असतं.”

“देवळात खरं बोलायचं असतं ना? झालाय. ऑगस्ट त्रेचाळीस, इथेच. देणारी रंगूबाई.”

“मालन!” रंगूबाई ओरडल्या. “चावटपना पुरे कर!”

“मग उद्या तुम्हाला प्रभुभोजन घेता येणार नाही,” पाळक म्हणाला. त्याला खरोखरच वाईट वाटलेलं दिसत होतं, पण पुस्तक त्याने मिटलं.

एसटीत रंगूबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या. “तेराजनांना कळतं, तुला येकटीला कळत न्हाय,” एवढंच त्या कल्याण येईपर्यंत एकदा बोलल्या.

रविवारी मंडपात तीनशे माणूस जमलं. अध्यक्षसाहेब आले, हारतुरे झाले, स्मरणिका वाटली गेली. चाळीस पानांची नऊ झाली होती. पहिल्या पानावर धोंडीबांचे आजोबा फेट्यासकट बसले होते. सहाव्या पानावर ते विश्वासू बंधू होते. मालनचं नाव कुठेच नव्हतं, संकलन कमिटीचं होतं. मग मंडळीतल्या सर्वांत वृद्ध सभासद म्हणून रंगूबाईंना वर बोलावून शाल दिली. सत्कार झाला तो वयाचा. टाळ्या मात्र जोरात पडल्या, आणि अण्णाने तर उभं राहून वाजवल्या.

शेवटी प्रभुभोजन सुरू झालं, बाप्तिस्मा झालेल्यांनीच भाकर घ्यायची तो विधी. पाळक भाकरीचं ताट घेऊन रांगेरांगेने फिरू लागला. मालनपाशी आल्यावर त्याने नजर खाली केली आणि ताट तिच्यावरून पुढे नेलं. शेजारी रंगूबाई होत्या. त्यांनी आपला तुकडा घेतला, पण तोंडात घातला नाही. पाळक रांगेच्या टोकाला जाईपर्यंत त्या सरळ समोर बघत राहिल्या. ओठ हलत होते. मग शालीखाली त्यांनी तुकडा मोडला आणि अर्धा मालनच्या हातात दाबला.

“खा गुमान,” त्या पुटपुटल्या. “कुनाला सांगू नको.”

मालनच्या डोळ्यांना धार लागली. पण रागही कमी झाला नव्हता, उलट त्या शेवटच्या शब्दांनी तो होता तिथे परत आला. ती उठून उभी राहिली आणि तीनशे माणसांच्या देखत तो तुकडा तोंडात घातला.

“खाली बस गं, लोकं बघत्यात,” रंगूबाई तिचा पदर ओढू लागल्या.

पाळक ताट घेऊन तसाच परत आला. अध्यक्षसाहेबही खुर्चीत पुढे सरकून बघत होते.

“ताई,” पाळकाने हळूच विचारलं, “हे तुम्हाला कुणी दिलं?”

मालनने घास सावकाश गिळला. मग तिसरीच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचवायच्या आवाजात ती म्हणाली, “माझ्या आईने. रंगूबाईने.”