अवेळी घंटा

रोवेनाने दोन्ही हातांनी दोरी खेचली आणि भर दुपारी चर्चची घंटा गावभर घुमली.

बेत तिचाच होता. ती आरोग्य केंद्रात नर्स. ऊन तापलं आणि सातिवलीकडच्या कारखान्यांचा धूर गावावर बसला की मोबाइलवर इशारा यायचा. पण गावातले म्हातारे मोबाइल घरी ठेवून वाडीत जात. गेल्या मे महिन्यात तिचे सासरे असेच केळीत कोसळले. ते गेल्याचं संध्याकाळी कळलं. यंदा असं कोणाचंही होऊ द्यायचं नाही, हे तिने पक्कं ठरवलं होतं. इशारा आला की घंटा, घंटा झाली की सगळ्यांनी घरात. रविवारी चर्चमध्ये मिस्सानंतर तिने हे समजावलं तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. माना डोलवायला काय जातं!

थोड्याच वेळात म्हातारा बर्नार्ड अंगणात हजर झाला, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. मागून त्याची बायको सुझान. मग माणसं येतच राहिली, घामाघूम.

"कोन गेला गो?" बर्नार्डने विचारलं.

रोवेना लग्न होऊन बांद्र्याहून आलेली. या गावात अवेळी घंटा फक्त मयताची, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ज्यांना घरात बसवायचं त्यांनाच तिने उन्हात काढलं होतं. तिला स्वतःचा भयंकर राग आला.

"कोणी नाही गेलं, काका. ही उन्हाची घंटा. आधी आत चला, पाणी प्या."

आत जाड भिंतींचा गारवा होता. सुझानने सवयीने बाकांवरून नजर फिरवली. मयताला कोण आलं नाही, हे तिच्या नजरेतून कधी सुटत नसे.

"गॉडफ्रे नाय दिसत," ती म्हणाली.

गॉडफ्रे अंगात ताप असला तरी मयत चुकवत नसे.

रोवेना धावत सुटली. गॉडफ्रे त्याच्या वाडीत विहिरीपाशी आडवा पडला होता. अंग भाजत होतं, पण श्वास चालू होता. तिने त्याला सावलीत ओढलं, अंगावर कळशीभर पाणी ओतलं, ॲम्ब्युलन्स बोलावली. गाडी येईपर्यंत त्याने डोळे उघडले.

"घंटा कोनाची?"

"तुमची होता होता राहिली," रोवेना म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी तिने ऊन चढायच्या आतच घंटा वाजवली. कोणी मेलेलं नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी सगळे चर्चच्या गारव्यात येऊन बसले. सुझान दाराशी उभी राहून कोण यायचं राहिलंय ते बघत होती.