कृष्णकांतचं अर्धवट राहिलेलं ऑपरेशन

उमरेडच्या कोळसा खाणीवर डंपर चालवणारा कृष्णकांत छत्तीस वर्षांचा झाला, तरी मुतारीत चारचौघांसोबत कधी उभा राहिला नव्हता. जन्मतःच त्याचं लघवीचं छिद्र टोकाला नसून खाली होतं. चौथ्या आणि सातव्या वर्षी ऑपरेशनं झाली. आता बरं झालं असं सगळ्यांनी धरलं, आणि ही गोष्ट कुणाजवळ काढायची नाही असं आईनं बजावलं. पुढे धार बारीक झाली, तिला दोन फाटे फुटले, जोर लावावा लागू लागला. तो पाणीच कमी प्यायचा. बायकोजवळ, मिनलजवळ, मुतखड्याचं नाव सांगून वेळ मारून न्यायचा.

एका दुपारी खाणीवरच लघवी पूर्ण अडली. नागपूरला नेऊन लघवी काढायला पोटातून नळी टाकावी लागली. तिथल्या डॉक्टरांनी त्याला धरमपेठेत मूत्रमार्गाच्या सर्जन डॉ. वंदना बोबडे यांच्याकडे पाठवलं.

बाई डॉक्टर म्हटल्यावर तो दारातूनच परतणार होता. मिनलनं दंडाला धरून आत नेलं. मॅडमनी लगेच तपासलं नाही. अर्धा तास नुसतं ऐकून घेतलं. त्याला काय होतं, हे तीस वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. तपासल्यावर त्यांनी कागदावर चित्र काढलं. लहानपणी तयार केलेला मार्ग आतून आवळला होता आणि एका जागी फुटून बाजूला भोक पडलं होतं.

"माह्यं काही चुकलं का, मॅडम?" त्यानं विचारलं.

"तुमचं नाही, तुमच्या आईचंही नाही. मोठं झाल्यावर पुन्हा दाखवायचं असतं, एवढंच तुम्हाला कुणी सांगितलं नाही."

मिनल तेव्हा रडली. बाहेर आल्यावर म्हणाली, "मले काहून नाही सांगितलं? मी काय परकी होती?"

गालाच्या आतलं अस्तर काढून मॅडमनी नवा मार्ग बांधायला घेतला. पहिल्या ऑपरेशननंतर सहा महिने थांबून दुसरं केलं. तीन आठवड्यांनी नळी काढली, तेव्हा एका टाक्याजवळ थेंब पाझरला. कृष्णकांतला ते दिसलंही नव्हतं. मॅडमनीच दाखवलं. माझं काम अजून पुरं झालेलं नाही, पुन्हा एकदा टेबलावर यावं लागेल, असं त्यांनी सरळ सांगितलं. त्या दिवसापासून त्याचा त्यांच्यावर पुरता विश्वास बसला. दुखणं झाकण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं, आणि ही बाई एक थेंबसुद्धा झाकत नव्हती.

तिसऱ्या खेपेला भोक बुजलं. धार सरळ, एकच पडली. तो बाथरूममधून बाहेर आला आणि मिनलच्या शेजारी बसून राहिला.

शेवटच्या तपासणीला मॅडमनी त्याला एक काम सांगितलं. बाहेर गणपतराव नावाचे बावन्न वर्षांचे शेतकरी बसले होते. तसंच दुखणं, पण ते तपासू देत नव्हते. तुम्ही बोलाल का, जमत नसेल तर राहू द्या, असं त्या म्हणाल्या.

कृष्णकांत जाऊन त्यांच्याजवळ बसला आणि लहानपणीच्या दोन्ही ऑपरेशनांपासून तिसऱ्या खेपेपर्यंत सगळं सांगितलं. अनोळखी माणसाजवळ, स्वतःच्या तोंडानं, पहिल्यांदाच.

गणपतरावांनी हळूच विचारलं, "लय दुखते का गा?"

"खालचं तेवढं नाही, काका. गालच जास्त दुखते. आठ दिवस तिखट सोडा लागते."

गणपतरावांनी चपला बाजूला सारल्या आणि मॅडमच्या खोलीचं दार लोटलं.