आपल्यातलंच कुणीतरी

मशीनचा आवाज इतका लांबेल असं रुझारिन बारदेस्करला वाटलं नव्हतं. पुठ्ठ्याच्या आडोशामागं तिनं रेडिओच्या चित्रासमोरचं बटण दाबलं आणि तो आवाज शाळेच्या खोलीभर घुमत राहिला. कुणी वर पाहिलंही नाही. तरी ती मान खाली घालून बाहेर आली.

फाटकाशी मोनिकाआक्का उभी होती. मंगळवार पेठेतल्या मोजक्या कॅथलिक घरांत तिचा शब्द चालायचा.

"झालं? हंबीररावाला दिलंस न्हवं?"

"व्हय की आक्का. दुसऱ्या कुणाला देणार?"

दोन हजार पाच सालची महापालिकेची निवडणूक होती. तालमीतल्या हंबीररावांनी ख्रिस्ती दफनभूमीला कुंपणभिंत बांधून देतो म्हणून सांगितलं होतं. त्यांच्या विरोधात डॉक्टर क्रांती होत्या, रेडिओ चिन्हावर. चौकातल्या सभेत त्या आडपडदा न ठेवता बोलल्या होत्या, "मुलगी हाय म्हणून पोट पाडायला माझ्याकडं येऊ नका, हाकलून देईन. पण ज्या बाईला मूल नकोच हाय, तिला पालिकेच्या दवाखान्यात नीट, फुकट इलाज मिळाला पाहिजे. नवऱ्याची सही मागायची न्हाय. कायद्यातच न्हाय ती."

त्या रविवारी फादरांनी प्रवचनात कुणाचं नाव घेतलं नाही. पोटातलं लेकरूही देवाचंच आहे, मत देताना ते विसरू नका, एवढंच म्हणाले. रुझारिनला ते पटत होतं. लग्नानंतर दोनदा तिचं पोट दिवस भरण्याआधीच रिकामं झालं होतं. त्या दोन न जन्मलेल्या लेकरांना तिनं मनातल्या मनात नावं दिली होती. नवऱ्यालाही ती कधी सांगितली नाहीत.

पण शेजारची अंजनाही होती. तीन पोरांची आई. चौथ्यांदा दिवस गेले तेव्हा दवाखान्यानं तिला नवऱ्याची सही आणायला परत पाठवलं आणि नवऱ्यानं सही दिली नाही. मग ती पेठ वडगावाकडच्या कुठल्याशा पोट पाडणाऱ्या बाईकडं जाऊन आली. ताप चढला तेव्हा रिक्षात तिचं डोकं रुझारिनच्या मांडीवर होतं. "मावशी, पोरांचं डबं भरायचं हायत," एवढंच ती बडबडत होती. दवाखाना येण्याआधीच ती कायमची गप्प झाली.

बटणासमोर उभं राहिल्यावर रुझारिनला ती दोन लेकरं आठवली आणि अंजनाही आठवली. कुणालाच बाजूला सारता येईना. बोट रेडिओवर गेलं.

डॉक्टर क्रांती थोडक्या मतांनी निवडून आल्या. त्या आठवड्यात मोनिकाआक्काच्या घरी रोझरीला बायका जमल्या. प्रार्थना संपली तरी कुणी उठलं नाही.

"आपल्यातलंच कुणीतरी फुटलंय," आक्का म्हणाली. "हंबीररावांची माणसं तोंडावर बोलून गेली मला."

सगळ्यांच्या नजरा लुर्दीनकडं गेल्या. लुर्दीन आजऱ्याची, तरुणपणीच विधवा झालेली, बालवाडीत शिकवणारी. चर्चमध्ये रविवारचं वाचन तीच करायची. तिचं वाचन ऐकताना म्हातारी माणसंही पेंगत नसत. निवडणुकीआधी याच खोलीत ती म्हणाली होती, "डॉक्टरबाई मुली पाडायच्या विरोधात हाईत, ते का कुणी सांगत न्हाय?"

"तूच न्हवं?" आक्कानं विचारलं.

लुर्दीननं एकदा खोलीभर पाहिलं. "मला काय सांगायचं न्हाय," ती म्हणाली आणि चपला घालून निघून गेली.

"बघा. कबूलच केलं की," आक्का म्हणाली. मग रुझारिनच्या पाठीवर तिनं हात ठेवला. "हिच्यासारखी माणसं हाईत म्हणून आपलं नाव ऱ्हायलंय."

रुझारिन हातातल्या माळेकडं बघत राहिली. तो हात पाठीवरून उचलला जाईपर्यंत तिनं श्वास धरून ठेवला होता.

पुढच्या रविवारी वाचनाला दुसरीच मुलगी उभी राहिली. लुर्दीनकडं धर्मशिक्षणाला येणारी पोरं एकेक करून बंद झाली. रविवारच्या उपासनेची मिस्सा सुटल्यावर बायका घोळक्यानं बोलत उभ्या राहायच्या आणि लुर्दीन भिंतीकडेनं निघून जायची. रुझारिन घोळक्यातच असायची. रोज सकाळी शिलाईला बसताना ती ठरवायची, आज सांगायचं. मग आक्का ब्लाउज टाकायला यायची, इकडचं तिकडचं बोलायची आणि रुझारिन तिला चहा करून द्यायची.

नाताळाआधी ती कुमसाराला, पापांची कबुली द्यायला गेली. जाळीपलीकडं फादर होते. गुडघे टेकून तिनं सगळं सांगितलं.

"मत दिलंस त्याचा पश्चात्ताप होतो?" फादरांनी विचारलं.

"त्या रात्री लई रडले, फादर. पण पश्चात्ताप म्हणाल तर न्हाय. उगाच व्हय म्हणून देवासमोर खोटं कसं बोलू?"

"मग कशासाठी आलीस?"

"लुर्दीनसाठी. माझ्या वाटणीचं ती सोसतीया आणि मी आक्काच्या शेजारी उभी ऱ्हाते."

लुर्दीनचं वाचन थांबवणारे फादरच होते. "मताबद्दल आपण पुन्हा बोलू," ते हळू आवाजात म्हणाले. "ते इतकं सोपं नाही, तुलाही नाही आणि मलाही नाही. पण हे दुसरं, हे इथं ऐकलेलं मी बाहेर नेऊ शकत नाही, रुझारिन. ते तुलाच न्यावं लागेल."

रविवारी मिस्सेनंतर घोळक्यात उभी राहून रुझारिननं ते सांगितलं. "रेडिओवर बटण मी दाबलं. लुर्दीननं न्हाय."

आक्कानं तिच्याकडं असं पाहिलं, जणू ओळख पटत नव्हती. मग बाकीच्यांना म्हणाली, "चला गं." घोळका फाटकाबाहेर गेला.

संध्याकाळी ती लुर्दीनच्या घरी गेली. लुर्दीन गव्हातले खडे वेचत होती. रुझारिनचं सगळं बोलून होईपर्यंत तिनं हात थांबवला नाही.

"मला ठावं होतं, मावशी."

"काय ठावं होतं?"

"त्या दिवशी आक्कानं विचारल्यावर तुमचा चेहरा बघितला की मी. आणि मी कसं मत देणार? माझं नाव अजून आजऱ्याच्याच यादीत हाय. इथं मला मतच न्हाय."

रुझारिननं विचारलं, "मग तवाच का सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर त्यांनी दुसरी कोण ते हुडकलं असतं." लुर्दीननं सूप बाजूला ठेवलं. "वाटलं, तुम्ही सांगशिला. दोन-चार दिवसांत सांगशिला, असं वाटलं होतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर रुझारिनला बरं वाटलं असतं.

निघताना गल्लीतले दिवे गेले होते आणि पाइपलाइनसाठी रस्ता खणून ठेवला होता. चरावर एक फळी टाकली होती. लुर्दीन चपला घालून मागोमाग आली आणि तिनं रुझारिनचं कोपर धरलं. रुझारिनला तो हात सोडवून घेता येईना आणि त्यावर भारही टाकता येईना. अंग चोरून, पाय चाचपत ती फळीवरून पलीकडं गेली.