कानाने अडवलेले वार

मित्रांनो, मी एक जुनी तलवार आहे. घाबरू नका, माझ्या पात्याला धार नाही आणि टोकावर रबराचं बोंड आहे. माझा जन्मच सरावासाठी झाला. लोहाराने मला ठोकून लवचीक केलं, मुठीला चामडं गुंडाळलं आणि "हिने कुणाला ओरखडाही येणार नाही," असं सांगून मामांच्या हवाली केलं. ते बोलणं आठवलं की आजही मला मान वर करवत नाही.

मामा एका बंद पडलेल्या छापखान्याच्या लांबट खोलीत तलवारबाजी शिकवत. सगळेच त्यांना मामा म्हणत, पण सख्खी भाची एकच, त्यांच्या ताईची लेक. ती दिवसभर दुकानांच्या पाट्या रंगवायची आणि संध्याकाळी नखांत पिवळा रंग घेऊन सरावाला यायची. तिने हाती धरलं ते मलाच.

आडवा वार दुरून दिसतो. सरळ घुसणारं टोक मात्र नुसता ठिपका दिसतं, आणि ठिपका मोठा होईपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून मामा सांगत, "उगाच हात फिरवू नकोस. मुठीजवळच्या जाड पात्याने वीतभर बाजूला सार आणि पाऊल तिरकं टाक. बस्स!"

पण मामांचं काळीज लोण्याचं. टोक मारण्याआधी ते उजवा पाय जमिनीच्या लाकडी फळीवर आपटत. धप्! भाची सावध व्हावी म्हणून चार दिवस करायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. चाराचे चारशे झाले. धप् झालं की ती मला सरकवी आणि शंभरातले शंभर वार अडत. "तलवार आहे की भिंत!" असं लोक म्हणू लागले आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढले.

खरं काय ते मला ठाऊक होतं. समोरचं टोक हलण्याआधीच तिची बोटं माझ्यावर आवळत. ती वार डोळ्यांनी नव्हे, कानांनी अडवत होती. एकदा बाहेर कुणाची तरी बादली पडली, तर तिने रिकामी हवाच बाजूला सारली. सगळे हसले. मीही हसले. मला बोलता येत नाही, ही नुसती सबब झाली. मुठीत जरा फिरले असते, एखादा वार चुकू दिला असता, तर मामांना विचार करावा लागला असता. पण कौतुक सोडवेना.

मग स्पर्धा आली. समोरची खेळाडू उंच होती आणि पावलांची मांजर. भाची धप् होण्याची वाट पाहत राहिली. टोक मला ओलांडून गेलं आणि तिच्या गळ्याजवळचं हाड कडकन मोडलं. तिचा रंगाचा हात गळ्यात बांधला गेला.

"तलवारच हलकी निघाली गं," मामांनी ताईला सांगितलं आणि मला खिळ्याला टांगलं. मी धूळ खाल्ली, गंजले. तो आळ मी निमूट सोसला, कारण तो अगदीच खोटा नव्हता.

चार महिन्यांनी भाची आली. तिने मला उतरवलं, तेलाच्या फडक्याने गंज पुसला.

"मामा, तलवार हलकी नव्हती."

मामा आपल्या पायाकडे बघत राहिले. "नव्हती. बादली पडली ना, त्याच दिवशी मला कळलं होतं. पण पाय थांबवला असता तर तू हरायला लागली असतीस. ते मला बघवलं नसतं."

खिशातून कापूस काढून तिने दोन्ही कानांत कोंबला. "हं, आता हवा तेवढा पाय आपटा!" ती नको इतक्या मोठ्याने म्हणाली.

पहिला वार तिच्या छातीवरच्या गादीवर बसला. दुसराही. एकोणीस वेळा मी चुकले. विसाव्या वेळी तिने टोक पाहिलं, आणि मी ते वीतभर सारलं.

मित्रांनो, वापर झाला की आम्हाला पुसून ठेवा, तेलाचं बोट लावा, एवढं मागणं आहेच. पण तुमचं फारच कौतुक होऊ लागलं, तर एकदा कानांत कापूस घालूनही बघा. माझा गंज तेलाने निघाला. तिचा हात मात्र अजून खांद्याच्या वर उठत नाही. दुकानांच्या उंचावरच्या पाट्या आता दुसरं कुणीतरी रंगवतं.