जोडे काढा, खळं आहे

माझी बायको शोभा गेली त्याच वर्षी प्रफुलने खळं नांगरायचं काढलं. मळणी आता यंत्रावर होते, जागा फुकट जाते, हे पोराचं म्हणणं. बरोबरच होतं. पण ते खळं शोभाने केलेलं. जमीन तिने चोपली, सारवली, भोवती गोल धोंडे लावले. तिथे नांगर फिरलेला मला बघायचा नव्हता, आणि हे त्याला सांगणं जमत नव्हतं.

"बाबा, काऊन अडवून राह्यले?"

"उद्या पाहू."

"उद्या नाई. ट्रॅक्टर घेऊनच येतो."

तो गेला आणि कारंज्याकडून जीप आली. इलाबाई आणि नरहर, दोघं पुरातत्त्वाचे. उन्हाळ्यात आमच्यावर घिरट्या घालणारं विमान यांचंच. विमानातून लेझर सोडतात, तो पानांच्या फटींतून जमिनीला लागून परत जातो. मग संगणक झाडंगवत पुसून नुसती जमीन दाखवतो. म्हणजे जमिनीचं लुगडंच फेडतात. शोभाने विमानावर धोंडा भिरकावला असता.

इलाबाईंनी चित्र पसरलं. "हे बघा काका, शिळावर्तुळ. अडीच हजार वर्षांपूर्वीची कबर असणार. सध्या कुंपण घालू, खोदायचं नंतर बघू."

ते आमचं खळं होतं. पण सरकारी नंतर म्हणजे माझ्या मरणानंतर. मी म्हटलं, घाला कुंपण.

तेवढ्यात नरहर बूट घालून आत शिरला.

"जोडे काढा! खळं आहे ते!"

खळ्यात जोडे घातलेले शोभाने देवाचेही खपवून घेतले नसते.

इलाबाईंचा चेहरा उतरला. "कोणाचं खळं?"

"बायकोचं. एक्क्याण्णव सालचं."

नरहर एक बूट हातात घेऊन उभा. "मग हे धोंडे कुठले?"

"त्या टेकाडावरचे. तिथं असेच गोल पडले होते. ती म्हणे, एवढे धडधाकट धोंडे, रिकामे काऊन बसले?"

इलाबाई चित्रावर वाकल्या. टेकाडावरही एक गोल होता, नुसत्या खड्ड्यांचा. त्यांनी कपाळाला हात लावला. "काका, काकूंनी कबर उचलून आणली!"

"एकटीनं नाई. बंडी मीच हाकत होतो."

ट्रॅक्टर आला. नरहरने बुटासकट हात वर केला. "थांबा! कोणता धोंडा कुठला, हे कळेपर्यंत एकही हलवायचा नाही."

"कधी कळन?" प्रफुलने विचारलं.

"सांगता येत नाही."

प्रफुलने माझ्याकडे पाहिलं, मग खळ्याकडे. "आई गेली, पन ऐकत नाई," म्हणाला आणि ट्रॅक्टर वळवला.

नरहर बूट चढवायला वाकला.

"बाहेर येऊन घाला," मी म्हटलं.