आकड्याला बोललेला नवस

मित्रांनो, मी एक हमाली आकडा आहे. गणिताच्या वहीतला नव्हे. पोत्यात रुतवून ते पाठीवर ओढून घ्यायला हमाल वापरतात, तो लोखंडी आकडा. आता माझं वय झालं आहे, टोकाला गंज चढला आहे आणि मला मूठही उरलेली नाही. ती का नाही, तेच तुम्हाला सांगायचं आहे. ऐकताना भीती वाटली तर वाटू द्या. सांगताना मलाही वाटते.

दोंडाईच्याच्या एका लोहाराने मला घडवलं. माझं लोखंड एका बैलगाडीच्या आखाचं. ती गाडी तापीच्या पुरात धन्यासकट वाहून गेली होती आणि पाणी ओसरल्यावर नुसता आख गाळात सापडला. असलं लोखंड घरात नको, असं लोहाराची बायको म्हणाली. लोहार हसला. "लोखंडले काय याद ऱ्हास?" असं म्हणून त्याने मला भट्टीत घातलं, वाकवलं, टोक काढलं आणि बाभळीची आडवी मूठ बसवली. मला बरंच काही आठवतं, पण मला कोणी विचारलं नाही.

मला विकत घेतलं लोटन हमालाने. मिरचीच्या वखारीत तो काम करायचा. तुम्ही मिरचीची वखार पाहिली आहे का? भर दुपारी तिथे लाल धुकं पडल्यासारखं वाटतं. सगळी माणसं तोंडाला फडकी बांधून वावरतात, नुसते डोळे दिसतात आणि तेही पाण्याने भरलेले. कोण कुठला, ओळखू येत नाही. मी मात्र हातावरून ओळखायचो. लोटनचा हात माझ्या मुठीभोवती बसला आणि वर्षागणिक तसाच होत गेला. पुढे पुढे काम नसतानाही त्याची बोटं वाकलेलीच राहू लागली. भाकरी मोडताना, विडी धरताना, लेकराच्या गालाला लावतानासुद्धा.

हमालांच्या टोळीत एक रीत होती. टोळीतली जागा माणसाची नसे, घराची असे. बाप थकला की मुकादम त्याचा आकडा मुलाच्या खांद्यावर अडकवायचा. झालं, मुलगा हमाल. त्याला काय व्हायचं होतं, हे विचारायची पद्धतच नव्हती. लोटन गेल्यावर मी त्याच्या मुलाच्या, उखर्डूच्या खांद्यावर आलो. आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून त्याच्या आईने त्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवलं होतं आणि नावही तेच ठेवलं होतं. मृत्यूला फसवण्याचा तो जुना उपाय. त्या दिवशी उखर्डूची चौथीची परीक्षा होती. तो गेला नाही.

उखर्डू मोठा मायाळू माणूस. मला रोज पुसायचा, खुंटीला टांगायचा, खंडेनवमीला हळदकुंकू लावून झेंडूचं फूल वाहायचा. कामाचं कौतुकही व्हायचं. थप्पी लावावी तर उखर्डूनेच, असं वखारीत सगळे म्हणत. पण माझ्याकडे पाहताना त्याच्या डोळ्यांत कौतुक कमी आणि धाक जास्त असे. मुलगी झाली, तेव्हा तो माझ्यासमोर उभा राहून मोठ्याने हसला.

"मनी आंडेर शे," तो मला म्हणाला. "आंडेरना खांदावर आकडा बसस नई. आठेच सरनं बठ्ठं." इथेच सगळं संपलं, असं त्याला वाटलं.

मुलीचं नाव सुनंदा. तिला त्याने शाळेत घातलं आणि मला हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद दिली. तिनेही कधी लावला नाही, मी साक्षीला आहे. माझी खुंटी दारासमोरच्या भिंतीवर होती. दुपार कलली की दारातून ऊन यायचं आणि माझी वाकडी सावली भिंतीवरून खाली सरकत सरकत नेमकी तिच्या पाटीवर पडायची. ती पाटी उचलून दुसरीकडे बसायची. थोड्या वेळाने सावली तिथेही जायची.

आठवीत असताना शाळेतल्या कमलबाईंनी तिचा हात धरला. "अगं, मुठीत धरून पेन चालवतात का? बोटं मोकळी सोड." सुनंदाने खूप प्रयत्न केला. बोटं सुटेनात. घरी आल्यावर तिने हात आईला दाखवला आणि धुरपदाबाईच्या हातातलं लाटणं गळून पडलं. मीही पाहिलं. चारही बोटं आत वळलेली, मधल्या दोन बोटांमध्ये फट. मित्रांनो, माझा दांडा बरोबर त्या फटीत बसला असता.

तुम्ही म्हणाल, लहानपणापासून ती बापाला पाहत आली. त्याचा पेला धरणं, त्याचा झाडू धरणं पाहूनच तिच्या हाताला ती सवय लागली. कमलबाई असंच म्हणाल्या. असेलही. पण झोपेत मुलीचा हात आवळला जायचा आणि इकडे खुंटीवर माझी मूठ कोमट व्हायची. तेव्हा मला कुणाचा हात लागलेला नसायचा.

दहावीचा निकाल लागला आणि सुनंदा पास झाली. कमलबाईंच्या मुलीचं तर आधीच ठरलेलं होतं. आई शिक्षिका, म्हणून तिचा डीएडचा अर्ज आईनेच आणून भरला होता. सुनंदाच्या घरी अर्ज कसला असतो हेसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं. धुरपदाबाई वखारीत मिरच्यांचे देठ खुडायची. ती म्हणाली, "मना पाटावर बस माय. दोन घास तरी निश्चित." मुकादम तोताराम नानांनी तर ओट्यावर बसून सरळ सोयरीकच काढली.

"उखर्डू, तुनी पाठ गयी. तुना मांगे कोन? मना भाचा निंबाले आंडेर दे. जावाई आकडा धरी, जागा घरमाच राही."

उखर्डू भिंतीला धरून उठला आणि आत गेला. त्याची पाठ खरंच गेली होती. पोतं उचलताना तो कण्हायचा आणि ते मला मुठीतून कळायचं. रोज संध्याकाळी सुनंदा त्या पाठीला तेल लावायची, विटेचा शेक द्यायची. कुठला मणका कधी ठणकतो, हे तिला बापापेक्षा जास्त कळायचं. त्या दिवशी पाठ चोळता चोळताच ती म्हणाली, "आबा, माले नर्स व्हवानं शे. धुळाले शिकाडतस. कमलबाईंनी सांगं."

 आमच्या घरात त्याआधी 'मला अमुक व्हायचं आहे' असं कोणी बोललंच नव्हतं.

कमलबाईंनी अर्ज आणला, भरून दिला, बोलावणंही आलं. पण त्यांनी बजावलं, "सुनंदा, तिथे तपासणी असते. हात नीट उघडून दाखवावा लागेल. न उघडणाऱ्या हाताला कोण घेणार?" मग गरम पाणी झालं, एरंडेल झालं, फळीला हात बांधून झाला. एक बोट सरळ केलं की दुसरं वळायचं. ती रडायची नाही, नुसती हाताकडे पाहत बसायची. तो हात तिचा नाहीच, असं वाटायचं.

धुळ्याला जायच्या आदल्या दिवशी मायलेकी पाण्याला गेल्या होत्या. उखर्डूने दार लोटून घेतलं. खंडेनवमी नव्हती, तरी त्याने मला खुंटीवरून काढून पाटावर ठेवलं, कुंकू लावलं आणि लिंबू कापून दोन्हीकडे ठेवलं. मग तो हात जोडून माझ्यापुढे वाकला. पाठ वाकत नव्हती, तरी वाकला.

"लोखंडबाबा," तो म्हणाला, "तुले हात पाहिजे ना? मना ले. मी जित्ता शे तवलगुन तुले सोडसू नई. पन मनी आंडेरना हात सोडी दे."

मित्रांनो, मी ओरडून सांगणार होतो की मी देव नाही, मला काही देता येत नाही आणि काही नकोही आहे. पण आम्हाला तोंड नसतं. आणि माझ्या टोकावरचं कुंकू, कुणी पुसलं नव्हतं तरी, बघता बघता काळं पडत गेलं.

दुसऱ्या दिवशी सुनंदा सकाळच्या एसटीने कमलबाईंबरोबर गेली. उखर्डू मला घेऊन वखारीत आला. वखारीत लाल धूळ भरलेली, ट्रक दारात उभा. उन्हं डोक्यावर आली आणि त्याने एका पोत्यात मला रुतवलं. त्याच क्षणी त्याचा हात माझ्यावर असा आवळला की बाभळीचं लाकूड करकरलं. पोतं पाठीवर गेलं, ट्रकमध्ये पडलं, मी पोत्यातून निघालो. पण हात काही सुटला नाही. तोंडाला फडकी बांधलेले हमाल भोवती गोळा झाले. कोणी बोटं ओढली, कोणी पाणी ओतलं. उखर्डू मात्र शांत होता. फडक्याआड तो हसत होता, हे फक्त मला कळत होतं.

शेवटी करवत आणली. मुठीच्या दोन्ही बाजू कापल्या, दांडा ठोकून काढला आणि मी खाली पडलो. मुठीचा मधला तुकडा त्याच्या हातातच राहिला.

संध्याकाळी सुनंदा पळत घरात आली. "आबा, हात उघडना!" तपासणीच्या टेबलापाशी, दुपारी, कुणी झाकण काढावं तसा तिचा हात आपोआप उघडला होता. तिला घेतलं होतं. आनंदाच्या भरात बापाच्या हाताला बांधलेलं फडकं तिला जरा वेळाने दिसलं. हात पोत्याखाली सापडला, असं तिला सांगितलं गेलं.

टोळीतली आमची जागा निंबाला मिळाली, सोयरीक न होताच. त्याने नवा आकडा आणला. मला खुंटीवर टांगलं, तिथे कोळ्यांनी जाळी केली. सुनंदा शिकली, धुळ्यात कामाला लागली. तिच्या हाताची सुई दुखत नाही, हलक्या हाताची बाई आहे, असं माणसं म्हणतात. परवा ती रजेवर आली आणि बापासमोर कोमट पाण्याचं घमेलं घेऊन बसली.

"आबा, हात दखाडा. शीर आखडेल शे, दुसरं काही नई. शेक दिधा का हळूहळू उघडस. असा हात मी रोज उघाडस."

उखर्डूने हात झटकन पाठीमागे नेला. म्हाताऱ्याचे डोळे मोठे झाले. "नको वं माय! मना हात उघडना, तं तुना बंद व्हई जाई."

तेव्हा तिला नवस कळला. सगळा. घमेल्यातलं पाणी गार झालं. मग तिने आपला उजवा हात त्याच्यापुढे धरला, बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली, पुन्हा उघडली. त्याने बघितलं आणि हात अजूनच मागे ओढून घेतला. ती रडत धुळ्याच्या गाडीला गेली.

मित्रांनो, मी भिंतीवर आहे आणि माझ्या मुठीचा तुकडा त्याच्या मुठीत आहे. तरी त्याच्या तळहाताची ऊब मला इथवर लागते. मला ती नको आहे. तुमच्या आईबापांनी तुमच्यासाठी काय काय मुठीत दाबून धरलं आहे, ते त्यांना एकदा विचारा. ते आपणहून सांगणार नाहीत. आणि कधी दोंडाईच्याला आलात, तर स्टेशनकडून वखारींच्या वाटेला लागा. उजवा हात पाठीमागे धरून ओट्यावर बसलेला एक म्हातारा दिसेल. त्याच्या शेजारी बसा आणि सांगा की मुलगी सुखरूप आहे, नवस फिटला, आता हात सोड. मी रोज सांगतो. माझं त्याला ऐकू येत नाही, तुमचं येईल.