दारावरचा पत्रा

माझ्या नवऱ्याचं डोकं आधी तापतं आणि मग चालतं. गॅरेजात त्याला सगळे पैलवान म्हणतात आणि त्यालाही ते खरं वाटतं. घर त्याच्या नावावर करायला आम्ही पालिकेत गेलो, तेव्हा खिडकीतला म्हातारा कारकून म्हणाला की या घराची घरपट्टी कित्येक वर्षं भरलेलीच नाही. ती भरा, नाहीतर घराला सील लागेल. मी कारकुनाकडे नाही, नवऱ्याकडे बघितलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

घर आम्ही एका सुताराकडून घेतलं होतं. मागची बाकी विकणाऱ्यानं फेडायची, असं खरेदीखतात स्वच्छ लिहिलं होतं. पण पालिका माणूस बघत नाही, घर बघते. आणि ते घर म्हणजे माझा जीव. लग्नापासून भाड्याच्या खोल्या बदलून बदलून माझ्या भांड्यांनासुद्धा पोचे आले होते. आता मला तिथून कुणी काढलं असतं तर मी त्याचा गळा धरला असता, हे मी लपवत नाही.

तिथून आम्ही तडक सुताराकडे गेलो. तो रंधा मारत होता. ऐकून घेतलं आणि फळीवरच्या डब्यातून त्यानं पावत्या काढल्या. दरवर्षी भरलीय, म्हणाला. नवऱ्यानं पावतीवरचा घरनंबर बघितला. कारकुनानं सांगितलेला नंबर तो नव्हता.

"दुसऱ्याच्या पावत्या दाखवतोस?"

"माझ्याच घराच्या आहेत. बिल दारात यायचं, मी भरायचो."

पुढचं नवऱ्यानं ऐकलं नाही. पावत्या धरलेला हात त्यानं कामाच्या बाकावर दाबला, तिथलाच हातोडा उचलला आणि घातला. एकदा, मग पुन्हा. सुकी फळी मोडावी तसा आवाज झाला. सुताराची बायको आतून धावत आली, तिला त्यानं कोपरानं उडवलं. ती भुशात पडली. सुतार हात पोटाशी धरून खाली बसला. मी दारात उभी होते आणि मनात म्हणत होते, बरं झालं.

पोलिसांत जायला शेजाऱ्यांनी सांगितलं होतं म्हणे, पण ती दोघं गेली नाहीत. मला ते जरा खटकलं.

मग पालिकेची माणसं सील लावायला आली. नवरा पाना घेऊन दारात आडवा झाला. एकाला त्यानं कॉलर धरून भिंतीवर आपटलं, त्याचं नाक फुटलं. त्या सगळ्या गदारोळात म्हातारा कारकून मात्र चौकटीवरचा नंबराचा पत्रा नखानं खरवडत होता. त्याच्यावर रंगाचे थर चढले होते, पण उठावाचे आकडे वाचता येत होते.

"हा नंबर मागच्या गल्लीतल्या घराचा," तो म्हणाला. "ते घर तर कधीच पाडलंय."

मग आमच्या शेजाऱ्यांनी सांगितलं, तेव्हा उलगडा झाला. ते घर पाडलं तेव्हा सुतारानं त्याचं सागवानी दार चौकटीसकट विकत घेऊन इथं बसवलं होतं. त्याचं स्वतःचं दार, त्यावरच्या पत्र्यासकट, जळणात गेलं. बिलं वाटणारा पत्रा वाचायचा आणि पाडलेल्या घराचं बिल इथं टाकायचा. या घराचं बिल दार सापडत नाही म्हणून परत जायचं. सुतार इमानेइतबारे भरत होता, फक्त नसलेल्या घराची पट्टी.

भरलेली पट्टी इकडे वळवता येईल, कारकून म्हणाला. अर्जावर विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही हवी. आठवडा संपायच्या आत, नाहीतर सील.

अर्ज घेऊन आम्ही सुताराकडे गेलो. त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. रंधा आता धरता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. नवऱ्यानं मान खाली घालून माफी मागितली, मग चिडून विचारलं, की तो मेला पत्रा काढून का नाही टाकला.

"उचकटला असता तर लाकूड चिरलं असतं," सुतार म्हणाला.

त्याच्या बायकोनं अर्ज बाकावर ठेवला. त्याच्या शेजारी हातोडा ठेवला.

"हे डाव्या हाताचा अंगठा देतील. आधी तुमचा हात इथं ठेवा. उजवा."

नवरा हसला. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हणेन चला, जाऊ, असं त्याला वाटलं असणार. माझ्या डोळ्यांसमोर माझं स्वयंपाकघर आलं, आणि त्याच्या दारावर लाखेचं सील. मला त्याची दया येत होती. पण घर जास्त हवं होतं.

"अहो, ठेवा," मी म्हणाले आणि त्याचं मनगट मीच धरलं.

एका हिसक्यात आम्हा दोघींना त्यानं लोळवलं असतं. पण त्यानं हिसका दिला नाही. डोळे मिटून घेतले. सुताराच्या घरात जन्म काढलेली बाई, तिचा नेम चुकला नाही. एकदा, मग पुन्हा.

अर्ज मीच पालिकेत नेला. कारकुनानं चष्मा कपाळावर सरकवला आणि शेजारी शेजारी उमटलेले दोन डावे अंगठे बघितले.

"दोघंही अंगठेबहाद्दर का?"

"नवीनच झालेत," मी म्हणाले आणि तो शिक्का मारेपर्यंत खिडकीपाशी उभी राहिले.